ओळंब्याचा कबुलीजबाब

१

बाप गेल्याच्या चौथ्या दिवशी बापाचं पत्र आलं.

मुलगी बापाच्या टेबलाशी बसली होती. कॉम्प्युटर उघडला तो कामासाठी नाही. त्याच्या खुर्चीत बसून हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून. यंत्राला कुठलं ठाऊक माणूस गेलाय ते. रोजच्या सवयीने त्याने बापाचा न्यूजग्रुप उघडला आणि नवी पत्रं खाली उतरवायला घेतली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा ग्रुप. जगभरातले चाळीसेक म्हातारे मिस्त्री, एकमेकांची तोंडं न पाहिलेले, वीस-वीस वर्षं तिथे ब्रेक, दोर आणि रुळांवर वाद घालत बसलेले. मंगळवारपासूनची अकरा पत्रं आली. सगळी दुखवट्याची.

आणि त्या अकरांच्या वर, न वाचलेलं म्हणून ठळक अक्षरांत, एक नाव. ओळंबा.

ग्रुपात बापाचं हेच नाव होतं. भिंतीची सरळ रेघ पाहायला दोरीला वजन बांधून सोडतात तो ओळंबा. त्याने बसवलेले रूळ केसभर हलत नसत, म्हणून लोकांनी ठेवलेलं.

तिने पत्र उघडलं. तारीख सोमवारची, संध्याकाळचे सात चाळीस. मृत्यूच्या आदली संध्याकाळ.

"आज दोन नंबरच्या लिफ्टचा ब्रेक झाकण न उघडताच 'तपासला' असं लिहिलं. वर गेलो होतो, पण चार बोल्ट काढायला बोटंच चालेनात. उद्या सकाळी आधी झाकण उघडीन, मग बाकीचं. नक्की उघडीन."

मंगळवारी सकाळी दहाला त्याच ब्रेकने दगा दिला. लोकांना वाटतं लिफ्ट खाली पडते. रिकामी लिफ्ट पडत नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेलं वजन तिच्यापेक्षा जड असतं. ब्रेक सुटला की ती वर सुटते. आणि ओळंबा लिफ्टच्या टपावर उभा होता.

२

शहराच्या जुन्या भागात, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, एक बाई राहत असे. तीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दोऱ्या खुपसल्या. एक्स्चेंज गेलं, बाई उरली, आणि नाव पडलं एक्स्चेंजबाई. तारेवरून बोलणारा माणूस खरा कुठून बोलतो हे ओळखायची खोड तिला लागली ती सुटली नाही. टेलिफोन गेले तशी ती यूजनेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या पत्रफलकांच्या, न्यूजग्रुपांत शिरली. तिच्या मते ते एक्स्चेंजचंच भूत होतं: तारा त्याच, फक्त बोलणाऱ्यांतले निम्मे मेलेले.

पुढच्या मंगळवारी दुपारी मुलगी तिच्या दारात उभी राहिली. अंगात लिफ्ट कंपनीचा निळा डगला, हातात तीन कागद.

"मावशी, तुम्ही यूजनेटचं बघता असं खालच्या दुकानात सांगितलं."

"मी भुतांचं बघते. बस."

मुलीने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "ते पत्र मीच नेऊन दिलं कंपनीच्या साहेबांना."

"का?"

"माझं लायसन्स आहे. लपवाछपवी करणाऱ्याने लिफ्टला हात लावू नये, असं बाबाच म्हणायचे."

"म्हणजे शहाणी आहेस," बाई म्हणाली. "आणि बापाला फासावर चढवायला स्वतःच दोर वळून दिलास."

मुलगी रडली नाही. तिने कागद पुढे सरकवले. "परवा गुरुवारी अकराला सरकारी इन्स्पेक्टर निकाल लिहिणार. मयताचा हलगर्जीपणा. बाबांचं नाव त्या रजिस्टरात चढलं की कायम. साहेब म्हणाले एक जागा नको, म्हणून त्यांनी तीन वेगवेगळे प्रोव्हायडर, ही पत्रं साठवून वाचायला देणाऱ्या कंपन्या, घेऊन तपासलं. तिन्ही ठिकाणी पत्र आहे. तारीख तीच, वेळ तीच. तीन साक्षीदार."

"आणि तुझं म्हणणं काय?"

"बाबा झाकण न उघडता तपासलं लिहिणार नाहीत. पण सोमवारी वर ब्रेकच्या मोटारखोलीत कोण गेलं होतं ते वहीत नाही. जोडीला मिळून एकच नंबर असतो. वहीत फक्त 'जोडी सात'. वर कोण गेलं ते दोघांनाच माहीत. त्यातले एक बाबा."

"आणि दुसरा?"

"काका. बावीस वर्षांचे जोडीदार. ते म्हणतात, वर बाबा गेले होते."

बाईने तीन कागद खिडकीपाशी नेले. प्रत्येकावर तारखेखाली बारीक अक्षरांत एक आकडा होता. तिने पहिला वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"हे तिघं साक्षीदार नाहीत गं," ती हळूच म्हणाली. "हा एकच माणूस तीन टोप्या घालून आलाय."

३

बुधवारी सकाळी दोघी साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे लिफ्ट कंपनीचा सुपरवायझर. टेबलावर काच, काचेखाली सर्टिफिकिटं. त्यांच्यासमोर अपघाताच्या इमारतीचा व्यवस्थापक बसला होता.

"मी एक अक्षर लपवलं नाही," व्यवस्थापकाने कुणी विचारायच्या आधीच सुरू केलं. "सोमवारी पाचला मी म्हणालो असेन, आटपा लवकर, भाडेकरू बोंबलतायत. कोण नाही म्हणत? म्हणून काय मी ब्रेक सोडला?"

"न्यूजग्रुप वाचता तुम्ही?" बाईने विचारलं.

"ते काय असतं? पेपर येतो ऑफिसात, तोही पुरता वाचून होत नाही."

बाई साहेबांकडे वळली. "हे प्रोव्हायडर कधी घेतलेत?"

"ही पत्र घेऊन आली त्या शुक्रवारी संध्याकाळी. आधी मला यूजनेट कशाशी खातात ठाऊक नव्हतं." साहेबांनी पावत्या काढून दाखवल्या. शुक्रवारच्याच होत्या. "एका वेबसाइटवर उत्तम दहांची यादी होती. पहिले तीन घेतले. पंधरा-पंधरा वर्षांची पत्रं जपून ठेवतात. यापेक्षा काय करायचं माणसाने?"

"यादी कोणी लिहिली ते बघायचं." बाईने कागद काचेवर मांडले. "साहेब, प्रत्येक सर्व्हर आलेल्या पत्राला स्वतःचा आवक नंबर देतो. आलं तसं, एकापुढे एक. दोन वेगळ्या पोस्ट ऑफिसांत एकाच पत्राला एकच नंबर पडेल का? इथे तिघांकडे सहाच्या सहा आकडे तेच. दुकानं तीन, पाट्या तीन, मागच्या दाराने कोठार एक. आणि यादी लिहिणाराही त्याच कोठाराचा जावई. तुम्ही एकाच भोंदूकडून तीनदा पत्रिका काढून घेतलीत आणि म्हणता, सगळे ज्योतिषी एकमत!"

व्यवस्थापक हसला. साहेब हसले नाहीत. ते लबाड नव्हते, हीच पंचाईत होती. लबाडाला पकडता येतं. यादीवर विश्वास ठेवणाऱ्या सज्जन माणसाचं काय करायचं? अशा सज्जनांच्या सह्यांनीच निम्मं जग गाडलं गेलंय.

"बरं, एक साक्षीदार," साहेब म्हणाले. "पण पत्र आहे ना? तारीख सोमवारची आहे ना?"

"तारीख लिहिणारा लिहितो. नावही लिहिणाराच लिहितो, तिथे कुणी ओळखपत्र मागत नाही. आवक नंबर कोठार लिहितं. दुखवट्याची अकरा पत्रं बघा आणि हे बघा. अकरावं गेल्या बुधवारी दुपारचं. सोमवारचं म्हणवणारं हे पत्र त्याच्याही लगेच नंतर आत आलंय. बुधवारी दुपारी."

मुलगी स्वतःच्याच हातांकडे बघत होती. त्या बुधवारी दुपारी तिचा बाप शवागारात होता.

साहेबांनी सावकाश कागद गोळा केले. "बाई, तुम्हीच म्हणालात, हा एक साक्षीदार. एका यंत्राची चूक होऊ शकते. इन्स्पेक्टर विचारील, तर दुसरा आणा. खरोखर दुसरा. उद्या अकराच्या आत."

४

दुसरा साक्षीदार शोधण्याआधी बाईला जोडीदार बघायचा होता.

काकांचं घर दोन खोल्यांचं, चकचकीत. भिंतीला फोटोची एक चौकट, तीत दोन निळे डगले घातलेले तरुण, मागे लिफ्टचा उघडा शाफ्ट. काकांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"जेवलीस का गं?"

"हो काका."

"खोटं बोलतेस. बापासारखीच, खोटं बोलायला गेलीस की पकडली जातेस."

त्यांनी चहा आणला. स्वतःचा कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून तोंडाशी नेला, लहान मुलं दुधाचा पेला धरतात तसा. बाईने नुसतं पाहिलं.

"ग्रुपात तुम्हीच कळवलंत ना गेल्याचं?"

"मंगळवारी संध्याकाळी. माझ्याच नावाने. कोणीतरी कळवायला हवं होतं. ती माणसं त्याची वाट बघत बसली असती." काकांचा आवाज खाली गेला. "तुम्हाला सांगतो बाई, तिथून तो गेलेलाच नाही. त्याचं नाव टाका, बोलायला लागतो. अकरा वर्षांपूर्वी त्याने ब्रेकचा अख्खा धडा लिहिला होता, नव्या पोरांसाठी. गेला त्या रात्री मी तो पहिल्यापासून वाचला. 'ब्रेकला कान लावू नका, डोळा लावा.' असं लिहायचा. मला त्याचा आवाज ऐकू येत होता. अजून येतो. बंद केलं तरी येतो."

"सोमवारी वर तोच गेला होता?"

"तोच."

"आणि हे पत्र त्याचंच?"

काकांनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. "त्यातला शब्दन् शब्द खरा आहे," ते म्हणाले.

जिना उतरताना मुलगी म्हणाली, "काका खोटं बोलत नाहीत, मावशी."

"नाही," बाई म्हणाली. "शेवटचं वाक्य तर मुळीच खोटं नव्हतं. त्याचीच भीती वाटतेय मला."

५

ती दुपार प्रोव्हायडर निवडण्यात गेली.

हे काम सोपं वाटतं. कोण किती दिवस जपतो, कोण किती घेतो, संपला विषय. पण बाईला दिवस नको होते, गोत्र हवं होतं. फुकट वापरून बघायची सोय देणारे सात तिने एकेक करून उघडले. प्रत्येकात तोच ग्रुप, तेच पत्र, आणि कागदावर पहिली गोष्ट लिहायची ती आवक नंबर. पहिला तोच. दुसरा तोच. तिसऱ्याची पाटी हिरवी, चौथ्याची लाल, नंबर तोच. मुलगी खिडकीत बसून आकडे वाचत होती आणि तिच्या अंगावर काटा येत होता. कुठलंही दार ठोठावा, आत तोच चेहरा, तोच बाप, तीच माफी मागतोय. झाकण उघडलं नाही. उद्या उघडीन. नक्की उघडीन.

"पुरे झालं, मावशी."

"तुझ्या बापाने चौथ्या बोल्टाला पुरे म्हटलं असतं का?"

बाईच्या लक्षात आलं, मुलीला हे लागलं. तिने आकड्यांचा कागद स्वतःकडे ओढला आणि पाचवा उघडला.

सहावा एका निवृत्त प्राध्यापकाचा निघाला. पाटी नाही, जाहिरात नाही, राखाडी पान आणि एक ओळ: हे यंत्र माझ्या तळघरात आहे, बंद पडलं तर मी जेवत असेन. फक्त मजकूर, चित्रं नाहीत. खातं हवं तर का हवं ते लिहा. बाईने लिहिलं: मेलेल्या माणसावर आळ आलाय, तुमच्या आवकवहीची गरज आहे. तासाभरात उत्तर आलं, चावी आली.

नंबर वेगळा होता. पार वेगळा, पाचच आकडी. वेगळं यंत्र, वेगळी वही. बाईने दुखवट्याची पत्रं मोजत खाली यायला सुरुवात केली. आठ, नऊ, दहा, अकरा.

बारावं, ओळंबा.

"दुसरा साक्षीदार," बाई म्हणाली. पण तिचे डोळे पत्राच्या माथ्यावर अडकले होते. तिथे आणखी एक ओळ होती, वाचणाऱ्याला सहसा न दिसणारी: हे पत्र कुठल्या पत्राला उत्तर म्हणून लिहिलं गेलं ती खूण.

"तुझ्या बाबांचा प्रोव्हायडर कोणता?"

"फुकटवाला. नव्वद दिवसांपलीकडचं ठेवत नाही. बाबा म्हणायचे, जुनं उगाळायला मी काय वैद्य आहे?"

बाईने पडद्यावर बोट टेकवलं. "हे पत्र अकरा वर्षं जुन्या धड्याखाली टांगलंय."

६

"नीट ऐक," बाई म्हणाली. "माझं कुठे चुकतंय का सांग. चुकत असेल तर मला आनंद होईल.

"पत्र गेल्या बुधवारी दुपारी लिहिलं गेलं. सोमवारी लिहून कुठे अडकून पडलं म्हणावं, तर बापाचा फोन त्याच्या खिशात चिरडला आणि त्याचा कॉम्प्युटर तू शुक्रवारी उघडलास. शिवाय स्वतः लिहिलेलं पत्र स्वतःच्याच यंत्रावर न वाचलेलं म्हणून येतं, तेव्हा पाठवलेल्यांत त्याची प्रत असायला हवी. होती?"

"नव्हती."

"पत्रात 'दोन नंबर' आहे, सोमवारचं काम आहे, चार बोल्ट आहेत. म्हणजे ग्रुपातला परदेशी म्हातारा नाही, इथला माणूस. इथली माणसं तीन. व्यवस्थापकाला यूजनेट माहीत नाही, आणि बोल्ट किती ते त्याला वरचा देवही सांगणार नाही. साहेबांनी बोल्ट पाहिलेत, पण प्रोव्हायडर घेतले शुक्रवारी. बुधवारी त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

"आता ती खूण. पत्राखाली उत्तर टांगायचं तर ते पत्र समोर उघडं असावं लागतं, खूण यंत्र आपोआप घालतं. अस्सल दिसावं म्हणून ज्याने ते बापाच्याच धड्याखाली लावलं, त्याच्याकडे पंधरा वर्षं जपणारं कोठार होतं. बापाच्या फुकट्या सर्व्हरवर तो धडा दहा वर्षांपूर्वीच पुसला गेलाय. बापाला हवं असतं तरी त्याखाली उत्तर लिहिता आलं नसतं."

मुलगी उठून उभी राहिली. "तो धडा त्या रात्री कोणी वाचला ते त्यांनी स्वतः सांगितलं."

"हो. आणि बोटं कोणाची चालत नाहीत?"

मुलीने मनगटावरच्या घड्याळावरून बोट फिरवलं. म्हणाली, "बाबा परवापरवापर्यंत माझं घड्याळ उघडून साफ करायचे. चिमट्याने."

७

काकांनी दार उघडलं आणि मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून बाजूला झाले. या वेळी डोक्यावर हात ठेवला नाही.

बाईने काही मांडायची गरजच पडली नाही. मुलीने एकच विचारलं. "सोमवारी वर तुम्ही गेला होतात ना?"

"हो."

"झाकण उघडलंत?"

"बोटं मेलीत बाळ माझी. सहा महिने झाले. डॉक्टरला सांगितलं तर लायसन्स जाईल, तुझ्या बापाला सांगितलं तर तो जोडी मोडून मला घरी बसवील. त्याने मोडलीच असती. तो कोणाचा मुलाहिजा ठेवायचा नाही. मी वहीत लिहिलं आणि खाली येऊन म्हटलं, तपासला. त्याने विचारलं, डोळा लावलास? म्हटलं, लावला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मंगळवारी सकाळी उघडणार होतो, आईशप्पथ. तो माझ्या आधी पोचला आणि टपावर चढला."

"मग त्याच्या नावाने का?" आता मुलीचा आवाज चढला. "मेला होता तो! तुमच्यामुळे मेला होता!"

"माझ्याच नावाने लिहिलं होतं मी." काका जमिनीकडे बघत होते. "गेल्या बुधवारी बसून सगळं लिहिलं. सोमवारी रात्रीच त्याला सांगायला हवं होतं तसं, 'आज' आणि 'उद्या' म्हणत. धडा समोर उघडा होता, त्याखालीच लिहिलं, त्याला सांगतोय असं. आणि पाठवायच्या वेळी बोट थांबलं. वाटलं, त्याचं आता काय जातंय? लायसन्स जाईल की पेन्शन जाईल? त्याचं काहीच जात नाही. मग दोनच गोष्टी बदलल्या. नाव आणि तारीख. बाकी मजकुराला हात लावला नाही."

"त्याचं नाव गेलं असतं, काका."

काका रडायला लागले. म्हातारं माणूस रडतं तेव्हा फार वाईट दिसतं, पण बाईला दया आली नाही. दोस्ताच्या मढ्यावर ओझं टाकून वर त्याचाच आवाज ऐकू येतो म्हणून झुरणाऱ्यांची तिला चीड होती. ऐकू येणारच. त्याच्या तोंडात शब्द तुम्हीच कोंबलेत.

"उद्या अकराला," मुलगी म्हणाली. "मी न्यायला येणार नाही. तुमचे तुम्ही या."

८

ते आले. इन्स्पेक्टरने दोन्ही आवकवह्या पाहिल्या, काकांचं ऐकलं, आणि आधी टाइप करून आणलेला कागद फाडला. दुसऱ्या कागदावर जोडी सातच्या दोन माणसांची नावं प्रथमच वेगवेगळी लिहिली गेली. काकांनी निळा डगला तिथेच टेबलावर काढून ठेवला.

संध्याकाळी मुलगी पुन्हा बाईकडे आली.

"ते पत्र काढून टाकता येतं का?"

"नाही. मालकाने मागे घ्यायची चिठ्ठी पाठवली तरी आता कोणी जुमानत नाही. ते राहणार. कोठार जगेल तोवर, आणि त्याच्या सगळ्या दुकानांतून."

"म्हणजे निकाल काहीही लागो, तिथे बाबा माफी मागत राहणार."

"हो," बाई म्हणाली. खोटं सांत्वन तिला जमत नसे.

"मग मला प्रोव्हायडर निवडून द्या," मुलगी म्हणाली. "जपायला सगळ्यांत लांबचा. ते पत्र जेवढं जगेल तेवढंच माझं जगलं पाहिजे, त्याच्या पायाशी."

बाईने एक खातं त्या तीन टोप्यांच्या कोठारात काढून दिलं, तोंड वाकडं करून. मुलगी टाइप करायला बसली. तिला फार वेळ लागला नाही.

"वरचं पत्र ओळंब्याने लिहिलेलं नाही. तो माझा बाप. तो जोडीदाराच्या शब्दावर टपावर चढला आणि ब्रेकच्या आतलं पकडीचं अस्तर झिजून संपलं होतं. मी त्याची मुलगी, मीही हेच काम करते. टपावर चढण्याआधी स्वतः वर जा. जोडीदार सख्ख्या भावासारखा असला तरी जा. झाकण उघडा."

"काकांचं नाव घालायचं नाही?" बाईने विचारलं.

"ते त्यांनी घालायचं. मी माझ्या बापाचं काढायला आलेय."

पत्र गेलं. पडद्यावर ओळंब्याच्या नावाखाली तिचं नाव उमटलं. दोन दिवस तिथे चिटपाखरू फिरकलं नाही. बाई सकाळ-संध्याकाळ उघडून बघत राहिली आणि स्वतःलाच शिव्या घालत राहिली.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. कुठल्या तरी दूरच्या शहरातला मिस्त्री, ग्रुपात कधी न बोललेला. दोनच वाक्यं होती.

"जोडीदार हसला, पण मी वर जाऊन झाकण उघडलं. आत अस्तर उरलेलंच नव्हतं."